पिशवीवरचे सफरचंद

मित्रांनो, मी एक जुनी शेगडी आहे. पण हे वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर जी शेगडी आली असेल, ती मी नव्हे. मला कोळसा लागत नाही आणि गॅसही लागत नाही. माझ्या एका अंगाला पत्र्याची कोठी आहे. तिच्यात लाकडाच्या कांड्या भरतात. दुकानदार त्यांना पेलेट म्हणतो. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाड आणि बोटाच्या पेराएवढ्या लांब. कोठीच्या तळाशी एक मळसूत्री दांडा फिरतो. तो थोड्या थोड्या कांड्या आत ढकलतो, आतल्या लोखंडी वाटीत त्या पेटतात, पंखा वारा घालतो आणि जाळीवरच्या अन्नाला लागून धूर मागच्या धुराड्यातून बाहेर पडतो. फुंकणी नको, चिमटा नको. बटण फिरवले की हवी तेवढी धग मिळते.

म्हणून पुष्कळांना वाटते की माझ्यापुढे उभे राहायला अक्कल लागत नाही. लागते, पण ती मला पेटवण्याच्या आधी लागते. कांड्या निवडताना.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. ज्या वेल्डरने माझे सांधे जोडले, तो अतिशय हट्टी माणूस होता. सांधा झाला की तो माझ्या पोटात दिवा ठेवी, खोलीत अंधार करी आणि बाहेरून चहूबाजूंनी पाही. कुठे उजेडाची बारीकशी रेघ दिसली, तरी पुन्हा सांधायला बसे. त्याचे सोबती हसत. मी अजून धूर गळू देत नाही, ते त्याच्यामुळे.

तिथून मी आले ती थेट बस डेपोसमोरच्या एका खाणावळीत. सात टेबले, मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे परसदार. खाणावळ दोन जावा चालवत. दोघींचे नवरे बोटीवर कामाला होते, वर्षातून एकदा यायचे. थोरली स्वयंपाक बघायची. धाकटी टेबले आणि गिऱ्हाईक सांभाळायची. ती दिवसभर बोलत असे, म्हणून तिला सगळे मैना म्हणत. सासरे, म्हणजे आप्पा, खिडकीजवळ वर्तमानपत्र घेऊन बसत.

थोरली कांड्या कशा निवडत असे, ते मी रोज पाहिले आहे. पिशवी उघडली की ती मूठभर कांड्या स्टीलच्या पातेल्यात उंचावरून सोडायची आणि कान देऊन ऐकायची. चांगली कांडी खणखणते. ओल धरलेली नुसती पडते. मग एक कांडी मोडायची. ती कट्‌कन तुटली पाहिजे, भुगा होता कामा नये. शेवटी दोन-चार कांड्या तळव्यांत चोळून नाकाशी न्यायची आणि डोळे मिटायची. तिने मान हलवली, तरच ती पिशवी माझ्या कोठीत रिकामी व्हायची. दुकानदार एकदा तिला म्हणाला होता, "वहिनी, सरपण घेताय की सून पसंत करताय?" त्यावर तिने सांगितले की सून जन्मभर सुधारता येते, धूर एकदा लागला की लागला.

रोजच्यासाठी ओक, कोंबडीसाठी सफरचंदाचे लाकूड, असा तिचा नेम होता. माझ्या हातची कोंबडी खायला डेपोतले चालक लांबच्या फेरीवरून भुकेले यायचे. लोक तिला शाबासकी द्यायचे आणि ती जाता जाता माझ्या झाकणावर हात ठेवायची. माझे ते भाग्याचे दिवस होते.

खाणावळीत आणखी एक शेगडी होती. तीही कांड्यांवरच चालायची, पण ती खोली गरम ठेवण्यासाठी. तिच्या कांड्या वेगळ्या. पाइनचे लाकूड, साल, वखारीतला केरकचरा, कदाचित जुन्या फळ्यांचा गोंदही. काय काय असेल ते सांगता येत नाही. तिचा धूर नळीतून सरळ छपराबाहेर जातो, म्हणून तिला ते चालते. माझा धूर माणसांच्या पोटात जातो. तिची पोती परसातल्या पडवीत आणि माझ्या पिशव्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, हा थोरलीचा नियम होता. दिसायला दोन्ही कांड्या जुळ्या बहिणी.

त्या हिवाळ्यात थोरली आजारी पडली. आठ दिवस ताप होता. ताप उतरला, ती पुन्हा माझ्यापुढे उभी राहिली, पातेल्यात कांड्या सोडल्या, एक मोडली, तळव्यांत चोळली आणि नाकाशी नेली. डोळे मिटले. मी वाट पाहत होते. तिने हात खाली घेतला, पुन्हा नाकाशी नेला. तिसऱ्यांदा नेला. मग मान न हलवताच कांड्या डब्यात परत टाकल्या.

तिला वास येईनासा झाला होता. हे तिला आणि मला माहीत होते, तिसऱ्या कुणालाही नाही. तीन आठवडे तिने ओकच्या आधीच उघडलेल्या, पारखलेल्या डब्यावर काढले आणि सफरचंदावरची कोंबडी या ना त्या निमित्ताने टाळली. एकदा गॅसवर दूध करपले आणि तिला कळलेच नाही. ते दूध घातलेली कॉफी सहा टेबलांवर गेली, आणि बोलणी खाल्ली मैनेने. थोरली गप्प राहिली. ज्या स्वयंपाकिणीला करपलेले कळत नाही, तिच्या हातचे कोण खाईल? डेपोसमोर बातमी बसच्याही आधी पोहोचते. दुसरीही एक गोष्ट होती. मैना वर्षभर मागे लागली होती की एक दिवस शेगडी माझ्या हातात द्या. थोरलीचे उत्तर ठरलेले होते: शेगडीला हात लावायचा नाही. आता कोणत्या तोंडाने सांगणार?

अशात डेपोतून निरोप आला. डेपोतला सर्वांत जुना चालक निवृत्त होणार होता. तो बस इतक्या सावकाश चालवायचा की सोबत्यांनी त्याचे नाव पायलट ठेवले होते. बावीस वर्षे, दर गुरुवारी, तो कोपऱ्यातल्या टेबलावर बसून सफरचंदाच्या धुरातली कोंबडी खात आला होता. निरोपाला काय हवे, असे विचारल्यावर तो म्हणाला होता की घड्याळ नको, भाषणे नकोत, तेवढे गुरुवारचे जेवण सगळ्यांना द्या. पन्नास माणसे. दुपारी एक वाजता. दोनला काहींच्या फेऱ्या सुटायच्या होत्या, म्हणजे उशीर चालणार नव्हता.

थोरलीने हो म्हटले. फळीवर सफरचंदाचे चित्र असलेली, नेहमीच्या नावाची एक पिशवी शिल्लक होती. ती तिने बाजूला काढून ठेवली.

त्या सकाळी सात वाजता पंचवीस कोंबड्या मीठ-मिरी लावून, मधोमध चिरून तयार होत्या. नऊच्या आत त्या जाळीवर जायला हव्या होत्या. पावणेआठला थोरलीने पिशवी उचलली आणि न पारखता थेट माझ्या कोठीत ओतली.

मित्रांनो, मला त्याच क्षणी कळले. या माझ्या कांड्या नव्हत्या. त्या खणखणल्या नाहीत. ओल्या वाळूसारख्या पडल्या. त्यांत राळ होती, साल होती. थोरलीचे हातही थबकले. तिने तो आवाज ऐकला होता. तिने वाकून पाहिले, एक कांडी उचलली, मोडली. ती धड तुटली नाही, धड भुगाही झाली नाही. तिने ती नाकाशी नेली आणि तशीच खाली ठेवली. मग पिशवी पालथी करून चित्र पाहिले. लालबुंद सफरचंद. खाली तेच अक्षर, तेच नाव. तिने स्वतःची समजूत घातली असावी की फळीवर राहून थोडी ओल धरली असेल. तिने बटण फिरवले.

दांडा फिरू लागला. मला तो थांबवता येत नाही. माझ्या वाटीत पहिली कांडी पेटली आणि कडवट, चिकट धूर माझ्या झाकणाखाली दाटला.

पेटताना सुरुवातीचा धूर जाडच असतो. दहा-पंधरा मिनिटांत तो विरळ, निळसर होतो आणि मगच अन्न आत ठेवतात. थोरली धुराड्याकडे बघत उभी राहिली. आठ वाजून पाच मिनिटे. आठ वाजून पंधरा. धूर पिवळट आणि जाडच. कोंबड्यांचा पहिला ट्रे तिच्या हातात होता. तिने तो खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मग एक पांढरी बशी घेऊन धुराड्यावर धरली. बशीवर तपकिरी थर आला. अंगठ्याने पुसला तर तो ओढला गेला, चिकटला. पण पेटतानाच्या धुरानेही कधी कधी असा थर येतो. खात्री फक्त एकाच गोष्टीने होणार होती, आणि ती तिच्यापाशी नव्हती. तिने बशी नाकाला जवळजवळ टेकवली. काही नाही.

आठ वीस. तिच्यापुढे दोनच वाटा होत्या. ट्रे आत सरकवायचा आणि पन्नास माणसांच्या ताटात काय जाईल ते नशिबावर सोडायचे; किंवा दार उघडून हाक मारायची. ट्रे दोनदा माझ्या झाकणापर्यंत आला. तेव्हा मी घाबरले होते, हे कबूल करते.

तिने हाक मारली. मैना हात पुसत आत आली.

"मैना, या बशीचा वास घे."

"मी? एरवी शेगडीच्या सावलीला उभं करत नाही मला."

"घे म्हणते ना."

"तुम्हीच घ्या की, जाऊबाई. तुमच्या नाकाचे गोडवे दुकानदार गातो, माझ्या नाही."

"मला वास येत नाही," थोरली म्हणाली. "ताप आल्यापासून. काहीच येत नाही."



"म्हणजे ते दूध," मैना म्हणाली.

"हो."

"आणि सहा टेबलांची बोलणी मी खाल्ली. तुम्ही इथे उभ्या राहून ऐकत होतात."

"हो."

मैना बशी फेकून देईल, असे मला वाटले. तिचा चेहरा तसाच झाला होता. पण तिने बशी घेतली, हुंगली आणि नाक मुरडले.

"फरशी पुसायचं औषध येतं ना हिरव्या बाटलीतलं, त्याचा वास येतोय."

थोरलीने तत्काळ बटण बंद केले. हिरव्या बाटलीत पाइनचा वास असतो, हे तिला माहीत होते. पाइन म्हणजे पडवीतली पोती. पण पडवीतल्या कांड्या सफरचंदाच्या पिशवीत आल्या कशा?

उत्तर खिडकीजवळ बसले होते. आप्पांच्या मते जगात दोनच पापे होती: विनाकारण जळणारा दिवा आणि फेकून दिलेली धड पिशवी. पडवीत पाणी झिरपून एक पोते खालून फाटले होते. आप्पांना कचऱ्याच्या डब्यात एक रिकामी, जाड, तोंडाला चेन असलेली पिशवी दिसली. त्यांनी ती पुसली, तिच्यात कांड्या भरल्या आणि पिशवी कोरड्या जागी, मागच्या दाराशी ठेवली. झाडलोट करताना मैनेने चित्र पाहिले, दुकानातून नवी आली असेल असे समजून ती उचलली आणि फळीवर ठेवली. सगळे काम अगदी नीटनेटके झाले होते.

"आप्पा, पिशवीवर सफरचंद आहे," थोरली म्हणाली.

"चित्र आहे ते," आप्पांनी वर्तमानपत्र खाली न घेता सांगितले. "तुम्ही चित्र बघून स्वयंपाक करता, हे मला काय माहीत?"

 आज थोरलीने नेमके तेच केले होते.

तिने फक्त विचारले की मग सफरचंदाच्या खऱ्या कांड्या गेल्या कुठे. ती पिशवी तर भरलेली होती. यावर मैनेची मान खाली गेली. थोरली तापाने पडली होती, तेव्हा फक्त सूप आणि पाव द्यायचे ठरले होते. पण मैनेने दोनदा मला पेटवले होते. दोन्ही वेळा कोंबडी केली होती, सफरचंदाच्या कांड्यांवर, आणि पिशवी संपवून कचऱ्यात टाकली होती. मला ते ठाऊक होते. कोंबडी बरी झाली होती, हेही मला ठाऊक होते.

 भांडायला दोघींकडे भरपूर कारणे होती, वेळ नव्हता. आठ वाजून पस्तीस मिनिटे झाली होती.

मग जे काम सुरू झाले, तसे माझ्या आयुष्यात कधी झाले नव्हते. मैनेने मगाने कोठी उपसली. तळाच्या कांड्या थोरलीने हाताने काढल्या. दांड्यात अडकलेल्या कांड्या संपेपर्यंत मला रिकामीच फिरवावे लागले. मग मला विझवून, फडके ओले करून, वाटी चिमट्याने उचलून त्यांनी राख आणि चिकटा खरवडला. थोरलीचा अंगठा भाजला. तिने तो पाण्याखाली धरला आणि दुसऱ्या हाताने काम चालू ठेवले. जाळ्या घासल्या. नऊ वाजले, आणि माझ्या पोटात अजून काहीच नव्हते.

फळीवर आता दोन पिशव्या होत्या. एक ओकची, शिवण न उघडलेली. दुसरी दुकानदाराने नमुना म्हणून दिलेली, तिच्यावरही मोठे सफरचंद. मैनेने ती उघडली आणि तिचा चेहरा उजळला. सफरचंदाचा घमघमाट सुटला होता. आता पायलटला त्याची कोंबडी मिळणार, असे तिला वाटले.

"कसला वास येतो? फळाचा?" थोरलीने विचारले.

"अगदी फळाचा. पिकलेल्या."

"मग नको. सफरचंदाच्या लाकडाला फळाचा वास नसतो. वरून तेल शिंपडलंय."

मैना पिशवी हातात धरून उभी राहिली. नऊ वाजून गेले होते आणि जे मागितले होते तेच समोर आहे, असे तिच्या नाकाला वाटत होते. तिने एकदा थोरलीकडे पाहिले आणि पिशवी बाजूला ठेवली.

ओकची पिशवी थोरलीने कापली. मूठभर कांड्या पातेल्यात सोडल्या, त्या खणखणल्या. एक मोडली, कट्‌कन तुटली. दोन तळव्यांत चोळल्या आणि तळवे मैनेच्या नाकाशी धरले. मैनेने डोळे मिटले. विशेष काही वास येत नाही, असे ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, नवी टेबले आणली होती तेव्हा खोलीत यायचा, तसा येतो. कडवट काही आहे का, औषधी काही आहे का, गोडसर काही आहे का, असे थोरली एकेक विचारत गेली आणि मैना नाही म्हणत गेली. मग थोरलीने मान हलवली.

नऊ पंचवीसला कोंबड्या जाळीवर चढल्या. पंचवीस मिनिटांचा उशीर. धुराड्यातून निळसर रेघ निघाली, इतकी बारीक की दिसेना. शेवटच्या तासाला थोरलीने धग वाढवली. तिने हे यापूर्वी कधी केले नव्हते, आणि कातडी करपली तर तिला कळणार नव्हते. म्हणून मैना झाकणापाशी उभी राहिली आणि दर पाच मिनिटांनी हुंगून सांगत राहिली.

एक वाजला. सातही टेबले भरली, दारात माणसे उभी राहिली. सव्वा वाजला, तेव्हा बाहेर कुणीतरी चमच्याने ग्लास वाजवू लागले. मैना म्हणाली, वाढूया. थोरलीने एका तंगडीच्या सांध्यात सुरी घातली. रस अजून लालसर होता. तिने नाही म्हटले. दोनला बस सुटणार होत्या, हे ती जाणत होती. तरीही नाही म्हटले. एक वाजून बावीस मिनिटांनी पुन्हा सुरी घातली. रस पाण्यासारखा स्वच्छ आला.

पहिली थाळी ती स्वतः घेऊन गेली. पायलटने घास घेतला, चावला आणि चावायचा थांबला. टेबलाभोवतीची माणसे त्याच्याकडे पाहत होती. स्वयंपाकघराचे दार उघडे होते. मीही पाहत होते.

तो काही बोलण्याआधी थोरली बोलली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने सांगितले की ही सफरचंदाच्या धुरातली नाही, ती लाकडे संपली होती आणि हे वेळेत कळले नाही. ही ओकवर केली आहे. तीन आठवडे झाले, आपल्याला वास येत नाही. आजची कांडी मैनेच्या नाकाने निवडली आहे. आणि त्या दिवशीचे दूधही आपल्याच हातून करपले होते.

 मैना हातातली थाळी ठेवायची विसरली.

पायलटने घास सावकाश संपवला. तो सगळेच सावकाश करत असे.

"सफरचंदाची नाही, पण चांगली आहे," तो म्हणाला. "आणि सांगितलंत हे बरं केलंत, वहिनी. नाहीतर मी घरी जाऊन म्हणालो असतो की नोकरी संपली त्याच दिवशी माझी जीभही गेली."

कुणीतरी हसले, मग सगळेच हसले. दोनच्या बस वेळेवर सुटल्या.

मित्रांनो, सगळे गोड झाले असे मी सांगणार नाही. पुढच्या आठवड्यात दोन टेबले रिकामी राहिली आणि काही माणसे परत आलीच नाहीत. थोरलीला वास हळूहळू, अर्धामुर्धाच पुन्हा येऊ लागला. मला आता मैना पेटवते. ती बोलत बोलत कांड्या निवडते, हे मला आवडत नाही, पण निवडते नीट. थोरली शेजारी स्टुलावर बसून पातेल्यातला आवाज ऐकते. माझा दांडा आता कुरकुरतो. पाय गंजले आहेत. मध्ये एक महिना मला कोणी पुसलेच नाही आणि वाटीत राखेचा दगड झाला. तरी माझ्या सांध्यांतून धूर गळत नाही.

मला तुमच्याकडे फार मागायचे नाही. माझी राख काढा, मला कोरडे ठेवा. माझ्या कोठीत जे टाकाल ते आधी हातात घ्या, मोडा, ऐका, हुंगा. पिशवीवरच्या चित्रावर जाऊ नका. आणि जर कधी तुमचे डोळे, कान किंवा नाक कमी पडले, तर ट्रे आत सरकवण्यापूर्वी शेजारच्याला हाक मारा. त्या सकाळी काय पेटले आहे हे मला सर्वांच्या आधी कळले होते, पण मला सांगता येत नव्हते. तुम्हाला येते.